साखर कारखान्यातल्या माहिती प्रणाली: काट्यापासून चेअरमनच्या केबिनपर्यंत

नदीकाठचा (धागाकर्ता)

व्यवस्थापनाच्या कुठल्याही पाठ्यपुस्तकात माहिती प्रणालींचा एक त्रिकोण असतोच. तळाला टीपीएस, म्हणजे रोजचे व्यवहार नोंदवणारी प्रणाली. त्यावर अहवाल देणारी एमआयएस, त्यावर निर्णयाला मदत करणारी डीएसएस आणि टोकाला वरिष्ठांसाठीची ईआयएस. विद्यार्थी हे चार थर पाठ करतात, एटीएम आणि विमानाच्या तिकिटाचं उदाहरण लिहितात आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतात. इथे मध्यंतरी दोघा-तिघांनी याच विषयावर विचारलं होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझी नोकरी सांगली जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्याच्या ईडीपी, म्हणजे संगणक विभागात झाली. हे चारही थर एकाच आवारात, उसाच्या एकाच गाडीमागे कसे चालतात ते तिथे रोज दिसायचं. माझं ठाम मत असं झालं आहे की प्रणालीचा प्रकार सॉफ्टवेअरवरून ठरत नाही. कोण विचारतंय, काय विचारतंय आणि उत्तर किती वेळात हवंय, यावरून तो ठरतो.

वजनकाट्यापासून सुरुवात करतो. हंगामात ऊस भरलेली वाहनं यार्डात नंबर लावून उभी असतात: ट्रक, दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर, बैलगाड्या. फडातून निघताना स्लिपबॉयने (कारखान्याच्या गावपातळीवरच्या कर्मचाऱ्याने) दिलेली चिठ्ठी गाडीवानाकडे असते. तिच्यावर सभासद क्रमांक, गाव, गट नंबर, उसाची जात, लागण की खोडवा (तुटलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटलेला ऊस), तोडणी टोळी आणि वाहन क्रमांक. काट्यावर आधी भरल्या गाडीचं वजन होतं, गाडी गव्हाणीवर (मिलमध्ये ऊस टाकायच्या जागी) जाऊन रिकामी होते, मग रिकाम्या गाडीचं वजन. वजाबाकी म्हणजे ऊस. पावती छापून हातात. व्यवहार एवढाच, पण या एका पावतीने तीन खाती हलतात: शेतकऱ्याचं ऊसबिल, तोडणी मुकादमाचा हिशेब आणि वाहतूकदाराचं अंतराप्रमाणे भाडं.

टीपीएस म्हणजे काय ते इथे नीट कळतं. दिवसाला ५,००० टन गाळप करणारा कारखाना तासाला २०० टनांहून जास्त ऊस खातो. काट्यावरचा संगणक तासभर बंद पडला तर गव्हाण रिकामी पडायला लागते. म्हणजे पहिली अट, ही प्रणाली थांबता कामा नये. दुसरी अट, अर्धवट व्यवहार हरवता कामा नये. भरलं वजन झालंय, रिकामं व्हायचंय आणि तेवढ्यात लाईट गेली, तर लाईट आल्यावर ती गाडी त्याच अवस्थेत सापडली पाहिजे. तिसरी अट, एकदा झालेली नोंद खोडता येता कामा नये. दुरुस्ती करायची तर वेगळी नोंद करायची आणि ती कोणी मंजूर केली ते नाव राहिलं पाहिजे. भरारी पथक आलं की ते वजनं घेतं. पण गावातल्या माणसाचा विश्वास पथकावर कमी आणि स्वतःच्या हातातल्या पावतीवर जास्त असतो. त्यामागे कायदाही आहे: १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावे लागतात, उशीर झाला तर १५ टक्के व्याज. हे १४ दिवस मोजायला सुरुवात काट्याच्या नोंदीपासून होते.

त्याच नोंदींची बेरीज होऊन सकाळी गाळप अहवाल निघतो. कालचं गाळप, आजअखेर गाळप, कालचा उतारा (उसातून निघालेल्या साखरेची टक्केवारी), सरासरी उतारा, साखरेची पोती आणि बंद तास. ही झाली एमआयएस. यात नवीन माहिती काहीच नसते, आहे तीच ठरावीक साच्यात मांडलेली असते, शेजारी गेल्या हंगामाचा त्याच दिवसाचा आकडा. तरी या कागदावरून जेवढी भांडणं होतात तेवढी काट्यावरही होत नाहीत. कारण बंद तासांचा रकाना. मिल दोन तास थांबली, तर ते "ऊस नाही" खाली टाकायचं की "यांत्रिक" खाली? ऊस नाही म्हटलं तर शेतकी अधिकाऱ्याला उत्तर द्यावं लागतं, यांत्रिक म्हटलं तर चीफ इंजिनिअरला. अहवाल देणारी प्रणाली दिसायला निर्जीव असते, पण जबाबदारी कोणाच्या गळ्यात पडणार ते तिचे रकाने ठरवतात. म्हणून रकाने कोणी आखायचे याला फार महत्त्व आहे.

आता डीएसएस, आणि या विषयातला माझ्या दृष्टीने सगळ्यात श्रीमंत भाग हाच. तोडणी कार्यक्रम. कार्यक्षेत्रात हजारो प्लॉट. जुलै-ऑगस्टमध्ये लावलेली आडसाली, ऑक्टोबर-नोव्हेंबरची पूर्वहंगामी, त्यानंतरची 'सुरू' नावाची लागण, शिवाय खोडवे. को ८६०३२ ही जात वेगळ्या वेळी पक्व होते, फुले २६५ वेगळ्या वेळी. उद्या कोणत्या गावातल्या कोणत्या प्लॉटला तोड द्यायची? पक्वता बघायची, हँड रिफ्रॅक्टोमीटरने काढलेला ब्रिक्स (रसात विरघळलेल्या, मुख्यतः साखरेच्या, पदार्थांचं प्रमाण) बघायचा, टोळ्या कुठे पडल्यात ते बघायचं, वाहतुकीचं अंतर धरायचं. तुटलेला ऊस दिवसभरात गाळला गेला पाहिजे, नाहीतर त्यातली साखर घटत जाते, हेही धरायचं. या प्रश्नाला एकच बरोबर उत्तर नाही. यंत्राने पर्याय मांडायचे आणि शेतकी अधिकाऱ्याने त्यातून निवडायचं, म्हणून याला निर्णयाला मदत म्हणतात.

मदतीची किंमतही सांगतो. क्रम नीट लागून उतारा फक्त ०.१ टक्क्याने सुधारला, तर ५,००० टनांवर रोजची ५ टन, म्हणजे ५० क्विंटल साखर जास्त निघते. २०१९ मध्ये ठरलेल्या ३,१०० रुपये क्विंटल या किमान विक्री दराने धरलं तरी दिवसाला १ लाख ५५ हजार रुपये. आणि एफआरपी, म्हणजे शेतकऱ्याला द्यायचा किमान ऊसदर, तीसुद्धा उताऱ्यावरच ठरते: २०२५-२६ च्या हंगामाला १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये आणि पुढच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे. म्हणजे तोडणीचा क्रम चुकला की कारखान्याचंही जातं आणि शेतकऱ्याचंही.

ईआयएसबद्दल थोडक्यात. चेअरमन आणि एमडींना रोजच्या गाड्यांशी देणंघेणं नसतं. शेजारचा कारखाना काय दर देतोय, आपल्या कार्यक्षेत्रातला किती ऊस बाहेर चाललाय, गोदामात साखर किती, तारणावर बँकेची उचल किती शिल्लक, केंद्राचा या महिन्याचा विक्री कोटा किती. यातली निम्मी माहिती कारखान्याच्या संगणकात नसतेच, ती फोनवर येते. तो पडदा कितीही देखणा केला तरी ही मर्यादा राहणारच.

आणि आता ज्यासाठी हा धागा काढला ते. या सगळ्या डोलाऱ्याखाली एक रकाना आहे: लागण तारीख. पक्वता त्यावरून निघते, तोडीचा नंबर त्यावरून लागतो, हंगाम किती दिवस चालेल याचा अंदाज त्यावरून, बँकेपुढे मांडलेलं गाळपाचं उद्दिष्ट त्यावरून. ही तारीख भरतो कोण? गट ऑफिसचा स्लिपबॉय, वहीत, बांधावर उभा राहून, शेतकरी सांगेल तशी. एकदा मी पूर्ण कार्यक्षेत्राच्या नोंदी तारखेप्रमाणे लावून बघितल्या. महिन्याच्या १ आणि १५ तारखेला डोंगर, मधले दिवस जवळजवळ मोकळे. कारण सरळ आहे. कार्यक्रम पंधरवड्याने लागतो, त्यामुळे १६ जुलैची लागण १५ जुलैला दाखवली की शेतकरी आधीच्या पंधरवड्यात जातो. वरचं गणित कितीही अचूक असलं तरी ते या डोंगरावर उभं असतं. डीएसएसवर लाखो रुपये खर्च करण्याआधी त्या स्लिपबॉयच्या वहीवर खर्च करा, हे मी मीटिंगमध्ये वारंवार मांडलं आणि आजही तेच म्हणेन.

इतर क्षेत्रांतल्या मंडळींनी आपापल्या ठिकाणचं लिहावं. तुमच्याकडचा "लागण तारीख" रकाना कोणता?

सई_पुणे

दादा, अप्रतिम धागा. मी एमबीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि हा विषय पहिल्यांदा खरा वाटला. दोन शंका आहेत. हा त्रिकोण मुळात आला कुठून? आणि ईआरपी यात कुठे बसतं? आमच्या सरांनी ते पाचवा प्रकार म्हणून शिकवलं.

नदीकाठचा

सई, त्रिकोणाच्या मागे दोन पायऱ्या आहेत. हार्वर्डचे रॉबर्ट अँथनी यांनी १९६५ मध्ये व्यवस्थापनाच्या कामाचे तीन स्तर मांडले: धोरण ठरवणं, साधनं नीट वापरली जातायत का ते पाहणं आणि ठरलेलं काम पार पाडणं. यात संगणक नव्हता, माणसं काय ठरवतात एवढंच होतं. मग १९७१ मध्ये एमआयटीच्या गोरी आणि स्कॉट मॉर्टन यांनी त्याला दुसरी बाजू जोडली: निर्णय किती साचेबद्ध आहे? काट्यावरची वजाबाकी पूर्ण साचेबद्ध, तोडणी कार्यक्रम अर्धवट, नवीन डिस्टिलरी काढायची की नाही हा अजिबात नाही. डीएसएस हे नाव त्यांच्या त्या मांडणीतून रूढ झालं. परीक्षेत ही दोन नावं आणि ही दुसरी बाजू लिहिलीस तर उत्तराला वजन येईल.

ईआरपीला मी पायरी म्हणणार नाही. ती खालची एकत्र जागा आहे. पूर्वी आमच्याकडे ऊसबिलाचं पॅकेज वेगळं, स्टोअरचं वेगळं, पगाराचं वेगळं, अकाउंट्सचं वेगळं. सभासदाने पेट्रोल पंपावरून डिझेल उधार नेलं, तर ती रक्कम त्याच्या ऊसबिलात यायला कोणीतरी कागद घेऊन या खोलीतून त्या खोलीत जायचं. ईआरपीत सभासद एकदाच नोंदवला जातो आणि सगळे विभाग तोच बघतात. त्यामुळे चारही थरांना एकच पाया मिळतो. फायदा मोठा, धोकाही तेवढाच: चुकीची नोंद पूर्वी एका खोलीत राहायची, आता एका क्षणात सगळीकडे पोचते.

पॅनमन

मी प्रोसेसमधला. धागा आवडला, पण आमचं खातं पूर्ण सुटलं. काटा आणि गाळप अहवाल यांच्या मधे एक अख्खा कारखाना आहे! मिलचा वेग, रसाचा प्रवाह, बॉयलरचा दाब, पॅनमधली (रस आटवून साखरेचा दाणा पाडायच्या भांड्यातली) निर्वात पातळी हे सगळं आता डीसीएसवर, म्हणजे नियंत्रण कक्षातल्या संगणकावर दिसतं आणि तिथूनच चालवलं जातं. सहवीज प्रकल्पात किती युनिट तयार झाली, किती ग्रिडला गेली तेही. याला प्रोसेस कंट्रोल सिस्टिम म्हणतात आणि बऱ्याच पुस्तकांत ती टीपीएसच्या शेजारी असते.

फरक वेळेचा आहे. आमच्याकडे वाचन सेकंदाला येतं. गाळप अहवालाला पाळीची सरासरी पुरते. एकदा एका सॉफ्टवेअरवाल्यांनी उत्साहाने सगळी वाचनं वर ढकलायचं ठरवलं, अहवालाची पानं वाढली आणि वाचणारे कमी झाले. खालून वर जाताना काय गाळायचं हे ठरवणं हेच खरं काम.

आणि पडदे आले तरी पॅनमन अजून प्रूफ स्टिकने मॅसेक्विटचा (साखरेचे दाणे आणि मळी यांच्या घट्ट मिश्रणाचा) नमुना काढतो, काचेवर पसरवतो, उजेडात धरून दाणा बघतो. दाणा एकसारखा आहे की मधेच बारीक खोटा दाणा पडलाय, हे त्याला दोन सेकंदांत कळतं. हे ज्ञान कुठल्या थरात बसवायचं? पुस्तकात नॉलेज सिस्टिम असा शब्द आहे, पण आमच्याकडे जुने पॅनमन निवृत्त होताहेत आणि त्यांचं कोणीही लिहून घेतलेलं नाही, ही माझी कळकळीची तक्रार आहे.

नदीकाठचा

पॅनमन, बरोबर आहे, हे खातं सुटायला नको होतं. प्रयोगशाळेचंही तसंच. रसाचा ब्रिक्स, पोल (प्रत्यक्ष साखरेचं प्रमाण), बगॅसमधली (चोथ्यातली) साखर ही वाचनं केमिस्ट काढतो आणि त्यातून उतारा ठरतो. म्हणजे शेतकऱ्याच्या दराचा एक पाय काट्यावर आणि दुसरा प्रयोगशाळेत आहे. काट्यावर शेतकरी स्वतः उभा असतो, प्रयोगशाळेत नसतो. तिथली नोंद थेट यंत्रातून उतरली पाहिजे, हाताने लिहिलेली चालू नये, असं मला वाटतं.

रुळावरचा

रेल्वेतून लिहितोय. आमच्याकडे हा त्रिकोण फार स्वच्छ दिसतो. आरक्षण प्रणाली, म्हणजे पीआरएस, १९८०च्या दशकाच्या मध्यात दिल्लीत सुरू झाली. क्रिस ही रेल्वेची संगणक संस्था १९८६ ची. आधी प्रत्येक केंद्राचं वेगळं राज्य होतं, १९९९ मध्ये सगळी केंद्रं जोडली गेली आणि कुठूनही कुठलंही तिकीट निघायला लागलं. २००२ मध्ये आयआरसीटीसीने ते इंटरनेटवर आणलं. हे सगळं टीपीएस. एक बर्थ दोघांना जाता कामा नये, एवढ्या एका अटीभोवती सगळी रचना फिरते.

पण त्याच डेटाचा दुसरा उपयोग बघा. गणपतीत कोकणच्या गाड्यांची प्रतीक्षा यादी कुठे किती फुगलीय, त्यावरून जादा डबे लावायचे की विशेष गाड्या सोडायच्या ते ठरतं. प्रवाशाला प्रतीक्षा यादी म्हणजे मनस्ताप, नियोजन करणाऱ्याला तीच मागणीची मोजणी. तुमच्याच मुद्द्याला जोड: डेटा तोच, विचारणारा बदलला की प्रणालीचा प्रकार बदलतो.

"लागण तारीख" आमच्याकडे कोणती विचाराल, तर मालगाड्यांच्या बाजूला. एफओआयएसमध्ये (मालवाहतुकीच्या माहिती प्रणालीत) वाघिणी, म्हणजे मालडबे, कुठल्या यार्डात उभ्या आहेत ती नोंद. ती उशिरा भरली गेली की वरचा नकाशा सुंदर दिसतो आणि वाघीण तिथे नसते.

वारणेचा

माहिती प्रणालीचा प्रकार विचारणारा ठरवतो, याचा पुरावा आमच्या भागातच आहे. १९९८ मध्ये केंद्र, राज्य आणि वारणा सहकारी समूह यांनी मिळून वारणानगरच्या आसपासची ७० गावं संगणकाने जोडण्याचा प्रकल्प हाती घेतला. त्या काळात देशभर गाजला होता. गावोगावी संगणक केंद्र, तिथे पिकांचा सल्ला, बाजारभाव, सरकारी योजना, शिक्षणाची माहिती असा मोठा विचार होता.

प्रत्यक्षात लोक त्या केंद्रांवर प्रामुख्याने उसासाठी येत. तोडीचा परवाना निघाला का, माझ्या उसाचं वजन किती भरलं, खतं किती उचलली, बिल कधी. म्हणजे ज्याला माहितीचं दालन म्हणून बांधलं ते टीपीएसची खिडकी म्हणून चाललं. मग २००६-०७ च्या सुमारास मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाच्या संशोधकांनी पाहिलं की या कामाला अख्खा संगणक लागतच नाही. वीज जाते, दुरुस्तीचा खर्च आहे. त्यांनी काही गावांत साध्या मोबाईलवर एसएमएसने तीच उत्तरं द्यायची सोय केली. सभासद क्रमांक पाठवा, वजनाचा आकडा परत येतो. शेतकऱ्यांना ते सोयीचं पडलं, कारण रात्री अकरा वाजता फडातूनही विचारता येत होतं.

याला प्रकल्प फसला असं म्हणणारे खूप भेटतात. मी तसं म्हणणार नाही. लोकांना कोणता प्रश्न खरंच पडतो हे त्या केंद्रांमुळे कळलं.

बँकवाला

जिल्हा बँकेत आहे. या चित्रात संस्थेबाहेरची एक साखळीही धरा. शेतकरी पीककर्ज गावच्या विकास सोसायटीकडून घेतो, सोसायटी आमच्याकडून, आम्ही राज्य बँकेकडून. वसुली ऊसबिलातून. म्हणजे बिल काढण्याआधी सोसायटीची येणी कारखान्याकडे पोचली पाहिजेत आणि कपात झालेली रक्कम आमच्याकडे वेळेत जमा झाली पाहिजे. तीन संस्था, तीन सॉफ्टवेअर, एकच शेतकरी आणि त्याचं नाव तिन्ही ठिकाणी वेगळ्या पद्धतीने लिहिलेलं. आमचा "लागण तारीख" रकाना म्हणजे नाव आणि खाते क्रमांकाची ही जुळणी.

सोसायट्यांच्या संगणकीकरणाला केंद्राने २०२२ मध्ये मंजुरी दिली. देशभरातल्या ६३,००० सोसायट्या, २,५१६ कोटी रुपये. ते पूर्ण बसलं की कागदी याद्यांचे गठ्ठे थांबतील. आज सचिव जी यादी हाताने करतो त्यात एक शून्य इकडचं तिकडे झालं, तर शेतकऱ्याच्या दिवाळीवर परिणाम होतो.

उपग्रह_प्रेमी

एक प्रश्न. लागण तारखेचा एवढा घोळ असेल तर ती विचारायचीच कशाला? सेंटिनेल-२ उपग्रहाची चित्रं फुकट मिळतात, दर ५ दिवसांनी. शेत नांगरलं कधी, हिरवं कधी झालं सगळं दिसतं. स्लिपबॉयची वही बंद करा, एआयला बघू द्या.

नदीकाठचा

दिशा योग्य आहे आणि काही कारखाने त्या वाटेने चालले आहेत. साखर आयुक्तालयानेही २०२२ मध्ये ऊस नोंदणीचं मोबाईल ॲप आणलं, शेतकऱ्याने स्वतः नोंद करावी म्हणून. पण दोन अडचणी समजून घ्या.

सेंटिनेल-२ चा एक ठिपका १० मीटर बाय १० मीटर, म्हणजे १०० चौरस मीटर. एक गुंठा म्हणजे साधारण १०१ चौरस मीटर. म्हणजे ठिपक्याला गुंठा. दहा गुंठ्यांच्या पट्टीत दहा ठिपके, त्यातले कडेचे बरेचसे शेजाऱ्याच्या सोयाबीनमध्ये मिसळलेले. आमच्याकडे वाटण्या होऊन पट्ट्या इतक्या अरुंद झाल्यात की हीच अडचण सगळ्यात मोठी. दुसरं, आडसालीची लागण जुलै-ऑगस्टमध्ये, नेमकी ढग दाटलेले असतात तेव्हा. रडारवाला सेंटिनेल-१ ढगांतून बघतो, पण त्याचं वाचन लावणं अवघड.

म्हणून मी म्हणेन, उपग्रहाने तारीख ठरवू नये, तारखेवर शंका घ्यावी. नोंद १५ जुलैची आहे आणि सप्टेंबरअखेरपर्यंत शेत हिरवं दिसत नाही, असे प्लॉट बाजूला काढून स्लिपबॉयला पुन्हा पाठवावं. हजारो प्लॉटमधले काहीशे तपासायचे. हे काम आजच्या साधनांत होण्यासारखं आहे.

खोडवा

मी सभासद. दहावी शिकलोय, एमआयएस वगैरे इथेच वाचलं. पण लागण तारीख लोक मागे का लावतात ते आमच्या बाजूने सांगतो.

जुलैत लावलेला ऊस पुढच्या वर्षी नोव्हेंबर-डिसेंबरात तुटला पाहिजे. तोड फेब्रुवारीत गेली की उसाला तुरा येऊन जातो, आतून पोकळ पडतो, वजन घटतं. खोडवा उन्हात फुटतो आणि चांगला येत नाही. ऊस काढून गहू-हरभरा करायचा असेल तर तोही गेला. एका महिन्याच्या उशिरात आमचे इतके पैसे जातात की माणूस पंधरा दिवस मागची तारीख सांगणारच. आणि तारीख खरी सांगितली तर नंबराने तोड मिळते असंही नाही. टोळीला खुशाली द्यावी लागते, गाडीवाल्याला एंट्री द्यावी लागते (दोन्ही म्हणजे वरचे पैसे), कुणाच्या ओळखीने कुणाचा प्लॉट मधेच घुसतो. हे तुमच्या कुठल्या रकान्यात येतं?

तुमच्या त्रिकोणात काट्यावरचा क्लार्क आहे, शेतकी अधिकारी आहे, चेअरमन आहे. सभासद कुठे आहे? कारखाना तर आमच्या शेअरवर उभा आहे. वजनाचा मेसेज मोबाईलवर येतो ते चांगलं झालं, त्याने फार फरक पडला. पण वजन झाल्यावर सांगून काय उपयोग? तोडीच्या यादीत माझा नंबर कितवा, माझ्या पुढे कोण आणि माझ्या मागचा कोण आधी गेला, ते सांगा.

सई_पुणे

खोडवादादा, हा प्रश्न आमच्या अख्ख्या पुस्तकात नाही. पुस्तकातली प्रत्येक प्रणाली आतल्या माणसासाठी आहे. ग्राहकासाठी म्हणून सीआरएम शिकवतात, पण सभासद म्हणजे ग्राहक नव्हे.

नदीकाठचा

खोडवा, तुमचा प्रतिसाद या धाग्यातला सगळ्यात मोलाचा आहे. अँथनींच्या तीन स्तरांत मालक सगळ्यात वर असतो आणि कामगार खाली. सहकारी कारखान्यात मालक बांधावर उभा आहे. खाजगी कंपनीसाठी काढलेला त्रिकोण आपण सहकारी संस्थेवर तसाच ठेवला आणि तुम्ही त्यातून बाहेर पडलात. लागण तारखेच्या खोटेपणाचं मूळही त्यातच आहे. ज्याला क्रम दिसत नाही तो क्रमावर विश्वास ठेवणार नाही, आणि विश्वास नसलेला माणूस खरी तारीख देणार नाही. स्लिपबॉयच्या वहीवर खर्च करा म्हणताना मी वहीची ही बाजू मांडली नव्हती, ती तुम्ही मांडलीत.

खुशाली आणि एंट्री कुठल्याच रकान्यात येत नाही, हेही खरं. पण तिची सावली पडते. यादीतला क्रम आणि काट्यावर प्रत्यक्ष आलेला क्रम, दोन्ही संगणकात आहेत. ते शेजारी-शेजारी छापले की कोण किती जागा पुढे सरकला ते दिसतं. हा अहवाल काढायला अर्धा दिवस पुरतो. तो मागणारा माणूस लागतो.

पॅनमन

हा अहवाल निघाला तर प्रोसेसलाही हवा आहे. मधेच घुसलेला कच्चा ऊस आला की ज्यूसची शुद्धता लगेच पडते आणि सगळा दोष आमच्या पॅनवर येतो.

खोडवा

मग तो अहवाल मागायचा कसा? आमच्या गावात पंधरा-वीस जण तयार होतील.

नदीकाठचा

हंगाम सुरू होण्याआधी गट ऑफिसला लेखी अर्ज करा, पंधरा-वीस सह्यांचा. दोन गोष्टी मागा. पहिली, गावाची ऊस नोंद यादी सभासदाचं नाव, गट नंबर, क्षेत्र, जात आणि लागण तारखेसह फलकावर लावावी आणि हरकतींना पंधरा दिवस द्यावेत. शेजाऱ्याने ऊस कधी लावला ते शेजाऱ्याला माहीत असतं, त्यामुळे बऱ्याच तारखा तिथेच सरळ होतील. तुमच्या स्वतःच्याही होतील, त्याची तयारी ठेवा. दुसरी, हंगामात दर पंधरवड्याला ठरलेला क्रम आणि झालेला क्रम एकाच कागदावर मिळावा. सॉफ्टवेअर बदलायची गरज नाही, दोन्ही नोंदी आहेत. हंगाम संपल्यावर वार्षिक सभेत हाच विषय लेखी प्रश्न म्हणून द्या, म्हणजे तो इतिवृत्तात येईल.

अर्जाचा मसुदा करून देतो. गावाचं नाव इथे लिहू नका, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

बँकवाला

नोंद यादी फलकावर लागली तर सोसायटीच्या सचिवालाही एक प्रत द्यायला सांगा. पीककर्जाच्या क्षेत्राशी तो ताडून बघेल. नावांची जुळणीही त्याच वेळी होऊन जाईल.